दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

३ एप्रिल २०१६, रविवार

जुन्या रेकॉर्डी पुन्हा काढणाऱ्या योनासची जर्मनीहून मेल. रेकॉर्ड निघणार हे नक्की! त्रेचाळीस वर्षांनी आमची 'ड्राय वेल' परत निघणार. जाड काळी तबकडी, आत पुस्तिका, पुस्तिकेत आमचे फोटो. सोनियानं — आमच्या सूनबाईंनी — नळाखाली हंडा लावता लावता फोनवर वाचून दाखवली. पाचव्या दिवशी आलेला नळ, त्यामुळं तिचं अर्धं लक्ष धारेकडं. "पप्पा, तुम्ही रॉकस्टार होतात?" म्हणाली. आतून सोमनाथचा आवाज, "रॉकस्टार कसले! ऑर्गन वाजवायचे. कोपऱ्यात बसून."

पोटचा पोरगा आहे. बोलणारच.

कोपऱ्यात बसून वाजवायचो हे खोटं नाही. पण आज दिवसभर जेवण गोड लागलं.

४ एप्रिल

योनास पुस्तिकेसाठी विचारणार, तेव्हा ऐनवेळी आठवायचं नाही. आत्ताच लिहून ठेवतो.

बहात्तर साल. कॉलेज सुटलेलं, नोकरी नाही, पाऊस नाही. बॅंडचं नाव 'द वॉटर मिल'. पाणचक्कीच्या कट्ट्यावर बसून ठरलं म्हणून. मुनव्वर गिटार वाजवायचा आणि गायचा. ड्रमवाला पुढं कॅनडाला गेला, त्याचा पत्ता नाही. ऑर्गनवर मी. 'सायकेडेलिक' हा शब्द आम्ही एका परदेशी मासिकात वाचला होता. त्याचा अर्थ औरंगाबादेत कुणाला विचारणार? आमच्यापुरता अर्थ आम्हीच लावला — गिटार फाटल्यासारखी वाजली पाहिजे, गाणं लांबलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला आपण कुठं आहोत ते कळता कामा नये.

त्र्याहत्तरच्या अखेरीस मुंबईला जाऊन तीनशे रेकॉर्डी काढून आणल्या. शंभर लग्नकार्यांत वाटल्या, बाकीच्या माळ्यावर वाकल्या. त्यातली एक फिरत फिरत बर्लिनच्या जुन्या बाजारात योनासला सापडली. तो तेव्हा जन्मलाही नसेल.

पाकिटाच्या मागं छापलं होतं — संगीत, गायन, कल्पना : मुनव्वर. माझं नाव नाही. छापखान्यात जागा उरली नाही म्हणे! मुनव्वर माझा जिवलग होता आणि तरी हे मी त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही. २००९ मध्ये गेला. खांदा दिला, तेव्हाही मनात हे होतं.

आता लोक ज्याच्यासाठी ही रेकॉर्ड शोधतात ते दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं आहे. आठ मिनिटांचं. मधोमध सगळी वाद्यं थांबतात, एका बाईचा आवाज एकदम सुरू होतो, उलट्या टेपवरचा, खाली शेकडो हातोडे. चार मिनिटं. इंटरनेटवर त्या चार मिनिटांवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. ही भाषा कोणती, ही बाई कोण, हे ज्याला सुचलं तो माणूस कोण.

तो माणूस मी. उस्मानपुऱ्यात राहतो, गुडघे दुखतात, बँकेतून रिटायर झालोय. योनासला कळवलं आहे — टेप आणि ध्वनी : रामहरी, आणि पूर्ण आडनाव. या खेपेला छापून यायलाच हवं. पुढच्या खेपेला मी नसेन.

८ एप्रिल

पाडवा. सोमनाथनं श्रीखंड आणलं आणि श्रीखंडाबरोबर बिल्डरही. जागा दिली तर दोन फ्लॅट देतो म्हणाला. चोवीस तास पाणी. मी म्हणालो, कुठून? हसला.

१२ एप्रिल

योनासची मेल. कटकट झाली. त्या बाईचं नाव आणि संमती हवी. मी सुरुवातीलाच 'अनोळखी स्त्री' असं कळवलं होतं. तो म्हणतो, अनोळखी चालणार नाही. मागं एका रेकॉर्डवर त्यांनी असं छापलं होतं आणि नंतर त्या माणसाची नातवंडं दारात येऊन उभी राहिली, फार वाईट वाटलं. आता ज्याचा आवाज त्याचं नाव. नाव मिळालं नाही तर ते गाणं गाळून बाकीची रेकॉर्ड काढू.

ते गाणं गाळलं तर माझं काय राहिलं? कोपऱ्यातला ऑर्गन.

शिवाय त्यानं मूळ टेपची फाइल पाठवली आहे. मी जानेवारीत ट्रंकेतल्या सगळ्या स्पूल त्याला पाठवल्या होत्या, त्यातच ती होती. सरळ वाजणारी. "फार सुंदर आहे, जरूर ऐका," असं लिहिलंय.

उघडली नाही.

१३ एप्रिल

ती बाई कोण ते मला माहीत आहे. पानावर तरी खरं लिहावं.

त्र्याहत्तरचा एप्रिल. गंगापूरच्या अलीकडं पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. तीन-चारशे माणसं खडी फोडत होती. एवढे हातोडे एका वेळी — असा ठेका कुठल्या ड्रमवर मिळणार नाही, ही कल्पना माझी. मुनव्वरच्या मामानं कुवेतहून आणलेला बॅटरीचा टेपरेकॉर्डर घेतला, माझ्या वडिलांची, तात्यासाहेबांची, जीप घेतली, आणि गेलो. जीप रस्त्यावर उभी केली. मी बॉनेटवर मशीन ठेवलं, कानाला हेडफोन.

हातोडे टेप होत होते आणि बाभळीखालून एका बाईचा आवाज उठला. लांब, वर चढत जाणारा. हाकेच्या अंतरावर. आमच्याकडं मयताला बायका हेल काढून रडतात, तो प्रकार मला लहानपणापासून ठाऊक. शब्दांकडं मी लक्षच दिलं नाही. मशीनवरचा आवाजाचा काटा लाल रेघेच्या पुढं जाऊ नये एवढंच बघत होतो. माइक तिच्याकडं वळवला.

मुनव्वरला खेड्यातली मराठी समजायची नाही. त्यानं विचारलं, "क्या बोलरी वो?"

मी म्हणालो, "कुछ नै, रोरी. किसीका गुजर गया."

चार मिनिटांनी ती थांबली. मी मशीन बंद केलं. मुकादम आला, म्हणाला, धनगराच्या राजाबाईचं पोरगं गेलं, उन्हानं. आम्ही हळहळलो आणि निघालो.

घरी मुनव्वर म्हणाला, रडणारी आई रेकॉर्डवर घालायची नाही, गुनाह है. मग मी स्पूल उलटी चढवली. उलटं केलं की ते कुणाचंच रडणं राहत नाही. त्यालाही पटलं. मला तर आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू.

१५ एप्रिल

आज एक हलकट काम करायला निघालो होतो. कामाला येणाऱ्या साळूबाईला म्हणालो, एका कागदावर अंगठा दे, राजाबाई म्हणून. म्हटलं, कोण बघतंय जर्मनीत?

साळूबाई म्हणाली, "अंगठा कामून काका? मला सही येती." आणि मोठ्या अक्षरात साळूबाई अशी सही करून मोकळी झाली.

सोनियानं तो कागद पाहिला. घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हा मी स्कॅन करणार नाही, पप्पा. गंगापूर काही लांब नाही."

सुनेसमोर मान खाली गेली. कागद फाडला.

१९ एप्रिल

एसटीनं गंगापूर, तिथून शेअर जीपनं गाव. ऊन अंगावर धावून येत होतं. उसाचे नुसते बुडखे. पाझर तलावात क्रिकेट चाललेलं. धनगरवाड्यात आता चारच घरं. एक म्हातारा म्हणाला, "राजाबाई व्हय? ती पोराकडं गेली की. रांजणगावात. वाळूजच्या कंपनीपाशी."

म्हणजे माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. मी उगाच चाळीस किलोमीटर उन्हात तापून आलो.

येताना वाटलं, मेली असती तर बरं झालं असतं. वाटलं ते लिहिलं.

२४ एप्रिल, रविवार

रांजणगावला जाऊन आलो. पत्र्याच्या खोल्यांची रांग, दारोदार निळे ड्रम, टँकरची वाट बघणाऱ्या बायका. जिथं आता कंपन्यांच्या भिंती आहेत तिथं यांची मेंढरं चरायची, असं तिचा मुलगा अजिनाथ म्हणाला. चाळिशीचा, ठेकेदाराकडं कामाला. साधा माणूस. घरात होतं तेवढ्या पाण्यातून माझ्यासाठी चहा ठेवला.

राजाबाई माझ्याच वयाची निघाली. मी आजी शोधत गेलो होतो! ताठ बसते. डोळे अधू, कान शाबूत. मी म्हणालो, दुष्काळात तुमच्या कामावर आम्ही आवाज टेप करायला आलो होतो, त्यात तुमचा आवाज आला, आता परदेशात त्याची रेकॉर्ड निघते आहे. सोनियाचा फोन मागून नेला होता, त्यावर गाणं लावलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "ही कोण बया?" म्हणाली.

"तुम्हीच."

"मी न्हाय बा. ही कुठल्या मुलखाचं बोलती."

मला इतकं हलकं वाटलं! मग सांगावं लागलं की टेप उलटी आहे. अजिनाथनं विचारलं, "उलटी कामून केली?" मी म्हणालो, त्या वेळची फॅशन होती. ही काय फॅशन, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं.

राजाबाईनं विचारलं, "कवाची म्हणता?"

"त्र्याहत्तर. एप्रिल. पाझर तलाव."

मग म्हणाली, "माझा बिरू गेला तो दिस."

अजिनाथ म्हणाला, बिरू त्याचा थोरला भाऊ. अडीच वर्षांचा होता. फोटो नाही, कुठं नोंद नाही. कामावरच्या हजेरीत मुलांची नावं नसत.

"सरळ लावा की मग," राजाबाई म्हणाली.

मी म्हणालो, सरळ नाही माझ्याकडं. खोटं. फाइल त्याच फोनमध्ये होती. उठलो आणि आलो. कागद खिशातच राहिला.

२५ एप्रिल

जेवलो नाही. सोनियाला वाटलं ऊन लागलं.

१ मे

योनासला सगळं कळवलं. म्हणजे बाई सापडली एवढं. तो खूश. म्हणतो, सरळ टेपही शेवटी स्वतंत्र घालू, आणि ती काय गाते आहे ते शब्द पुस्तिकेत छापू. शब्द उतरवून, इंग्रजी करून पाठवा. तुमच्याशिवाय हे कोण करणार?

कोण करणार! हेच ऐकायला जन्म गेला आणि आता नको झालंय.

३ मे

राजाबाई सरळ लावा म्हणाली होती, हे सोनियाला सांगितलं. तिनं विचारलं, "त्यांना सरळ ऐकवलं का नाही?" मी म्हणालो, आई आहे, परत रडवायची का? ती म्हणाली, "त्यांनी मागितलं होतं ना?"

दुपारी हिय्या करून फाइल उघडली. हातोडे, हातोडे, वाऱ्याची घरघर आणि तो आवाज. पण शब्द लागत नाहीत. 'बिरू' एकदा कळलं, 'ऊन' कळलं. बाकी नुसता हेल. टेप जुनी, मशीन तापलेलं. माझेही कान गेलेत.

म्हणजे तिच्याकडूनच उतरवून घ्यावं लागणार.

९ मे

अक्षय तृतीया. सोनियाबरोबर रांजणगाव. राजाबाईनं दाराशी गेलेल्यांसाठी पाण्याचं मडकं भरून ठेवलं होतं, शेजारी एक लहानसं. एवढ्या टंचाईत दोन मडकी.

सोनियानं छोटा स्पीकर नेला होता. लावला. सुरुवातीला हातोडेच. मग तो आवाज आला आणि राजाबाईचे ओठ हलायला लागले. रडली नाही. पुन्हा लावा म्हणाली. तीनदा लावला. अजिनाथ भिंतीकडं तोंड करून उभा होता.

मी वही काढली. म्हणालो, "शब्द लागत नाहीत. रडताना काय म्हणत होतात ते सांगता का?"

"रडत कुठं व्हते?" ती म्हणाली. "हाळी देत व्हते."

मला कळेना. तिनं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. मेंढरामागं असलं की एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर बोलायचं, ते असंच, स्वर लांबवून. आखूड बोललं तर वारा खातो. त्या दिवशी मध्ये हातोडे होते, ओरडून भागेना. म्हणून हाळी घातली.

"कुणाला?"

"रस्त्यावर गाडी उभी व्हती ना."

मग ती एकेक ओळ सांगत गेली, टेपच्या पुढं पुढं, आणि टेप मागून तेच म्हणत आली. आता प्रत्येक शब्द लागत होता. मी लिहीत होतो. हात थांबवता येईना.

*बिरूला माझ्या ऊन लागलं, डोळं फिरवितो
आवं गाडीवालं दादा, अजून जीव हाय लेकरात
गंगापूरच्या दवाखान्यात नेऊन घाला
आवं गाडीवालं दादा, तुमच्या पाया पडते
माझ्यानं पळवंना, पोटुशी हाय मी
अजून जीव हाय, दादा, अजून जीव हाय*

शेवटी ती एकदम थांबते. "थांबले तव्हा गेला व्हता," ती म्हणाली.

उलट्या टेपवर ती जागा सुरुवातीला येते. लोक म्हणतात, काय सुरुवात आहे.

मी सांगून टाकलं. गाडी माझ्या वडिलांची होती. मशीन मी चालवत होतो. सोनियाच्या समोर सांगितलं, अजिनाथच्या समोर सांगितलं. मला वाटलं कुणीही गेलंय, तुम्ही रडताय.

राजाबाईनं माझ्याकडं पाहिलं. शिवी दिली नाही. दिली असती तर घेतली असती. म्हणाली, "मला वाटायचं, हातुड्यांच्या गलक्यात तुम्हाला आयकूच गेलं न्हाय. इतकी वर्सं म्या तसंच धरून चालले."

मग पदरानं तोंड पुसलं. मी म्हणालो, ही रेकॉर्ड निघू देत नाही मी. थांबवतो सगळं. खरंच म्हणालो.

"का म्हून थांबवता?" ती म्हणाली. आवाज पहिल्यांदा चढला. "बिरूचं नाव अजून कुठं हाय? एका त्यातच हाय. निघू द्या. पर सरळ. समदं, जसं हाय तसं." आणि कागदावर अंगठा दाबला.

घरी आल्यावर सोनियानं पाणी आणून दिलं. ते पिववेना.

१० मे

रात्री गुडघे दुखले नाहीत, तरी झोप नाही.

१२ मे

इंग्रजी करायला बसलो. 'गाडीवालं दादा' गाळलं तरी अर्थ लागतो. आई लेकरासाठी मदत मागते आहे, जगाकडं मागते आहे — वाचणाऱ्याला उलट जास्त भावेल. तसं करून पाहिलं. चांगलं उतरलं. फारच चांगलं उतरलं.

सोनियाला दाखवलं नाही. साळूबाईचा कागद आठवला.

मुनव्वरनं विचारलं होतं, क्या बोलरी वो. त्याला कळत नव्हतं म्हणून त्यानं विचारलं. मला कळत होतं म्हणून मी ऐकलं नाही. आयुष्यभर मी त्याच्यावर रागावलो आणि त्या दिवशी बॉनेटपाशी माणूस तो एकटाच होता.

१३ मे

पुन्हा पहिल्यापासून केलं. जसं आहे तसं. दोनदा 'गाडीवालं दादा'. सोनियानं पाठवलं.

१७ मे

योनासची मेल. पुस्तिका उद्या छपाईला जाते. राजाबाईचं नाव गाण्याखाली येईल, बिरूचंही. एकच शंका — हा 'गाडीवाला दादा' कोण, ते कळलं असेल तर खाली टीप द्यायची आहे.

माझं नाव कळवलं, आडनावासकट. बाकी कुठंही छापू नका म्हणालो.